वाघाटीचा मुलूख

निपाणीच्या बाजूस ज्या गावी मी पूर्वी होतो, तेथे ऊसतोडीच्या हंगामात माझ्या दारी दोन पिल्ले आली आणि माझ्याच हातून मेली. ही गोष्ट २०१४ सालच्या जानेवारीतील. तसे पाहू गेल्यास मांजराच्या दोन पिल्लांचे मरण ते काय! परंतु ती पिल्ले कोणत्या जातीची होती, असे पुढे एका गृहस्थाने मला विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. ते न देता आलेले उत्तर अजून माझ्या मनात सलत राहिले आहे, म्हणून आज त्याविषयी लिहावयास बसलो आहे.

गावाच्या ओढ्यालगत एका शेतकऱ्याचा तीन एकरांचा फड होता. बीडकडची टोळी तोडणीस आली होती. फड निम्म्याच्या वर तुटला असेल-नसेल, तोच एका बाईच्या कोयत्याखालचे पाचट हलले. तिने कोयता जागीच थांबवला, म्हणून पिल्ले वाचली. मुकादमाने मात्र एकच गिल्ला केला, "बिबट्याची पिल्लं! पळा!" बाया-पोरे गाडीवर जाऊन चढली. घटकाभराने कोणी धीर करून पाहिले, तो उसाच्या बुडख्यांमध्ये पाचटाच्या खोलगट जागेत दोन इवलीशी पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेली. दुपारी शाळेची मुले ती पाटीत घालून माझ्याकडे घेऊन आली. "फादर, ही बघा बिबट्याची बाळं," असे म्हणताना त्यांचे चेहरे काय फुलले होते!

मी पाटीत डोकावलो. माझ्या तळहातावर दोन्ही सहज मावली असती. मी हसून म्हणालो, "अरे, बिबट्या कसला! ही रानमांजराची आहेत." एवढे बोलून मी मोकळा झालो. आपल्याला एखाद्या वस्तूचे नाव ठाऊक आहे असे वाटले की आपण तिच्याकडे पाहावयाचे सोडून देतो, त्यातलाच हा प्रकार. पाटी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली, खाली जुने पोते अंथरले आणि कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजावयास लागलो. पहिले पिल्लू तिसऱ्या रात्री गेले, दुसरे पाचव्या दिवशी. मागील दारच्या शेवग्याखाली मी दोन्ही पुरली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी फडाशेजारी राहणारी एक म्हातारी आजी भेटली. ती सहज म्हणून गेली, "फादर, त्यांची आई आल्ती की. दोन राती बांधावर वरडत फिरत व्हती." मी "हो का?" म्हटले आणि दुसऱ्या कामास लागलो.

दोन वर्षांनी एक तरुण अभ्यासक मोटारसायकलवरून गावोगाव हिंडत आमच्या गावी आला. लहान रानमांजरांची पाहणी करीत होता. त्याच्याजवळ एक जाड वही, चार-पाच रंगीत चित्रे आणि एक नकाशा होता. मी मोठ्या उत्साहाने माझी हकीकत सांगितली. त्याने लेखणी सरसावली आणि विचारले, "अंगावरचे ठिपके तांबूस होते की करडे? ओळीत होते की विस्कळीत? कपाळावर रेघा होत्या का? शेपटीवर कडी होती का?" मी आठवून पाहिले. पाटी आठवली, पोते आठवले, दुधाची वाटी आठवली. पिल्लांच्या अंगाचा रंग काही केल्या आठवेना. पाच दिवस ती माझ्या मांडीवर होती! "फोटो तरी?" त्याने विचारले. फोटोही नव्हता. त्याने लेखणीचे टोपण लावले. "मग नोंद करता येत नाही, फादर," तो म्हणाला. रागाने नव्हे, पण त्याच्या वहीतली ती ओळ कोरी राहिली आणि नकाशावर आमचे गाव जसे होते तसेच, रंगाविना, राहिले.

तो ज्या मांजराच्या शोधात होता, ती वाघाटी. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल आणि घरच्या मांजराचे भटके पोर समजून सोडून दिली असेल. मांजरकुळातील जगात जी सर्वांत लहान जनावरे गणली जातात, त्यांत आफ्रिकेतील काळ्या पायाच्या मांजराबरोबर हिचे नाव घेतात. पूर्ण वाढलेल्या वाघाटीचे वजन एक ते दीड किलो, फार तर थोडे अधिक. म्हणजे घरच्या धष्टपुष्ट बोक्याच्या निम्म्याहूनही कमी. अंग करडे, त्यावर लोखंडाच्या गंजासारख्या तांबूस ठिपक्यांच्या ओळी. कपाळावरून मानेकडे गेलेल्या चार गडद रेघा. डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतून वर गेलेले दोन पांढरे पट्टे. शेपटी मात्र बहुधा ठिपक्यांवाचून साधी. उलट आपल्याकडे उसात सर्रास आढळणारे जे मोठे रानमांजर, ज्याला बाऊल म्हणतात, त्याचे अंग जवळजवळ बिनठिपक्यांचे असते, पाय लांब असतात आणि शेपटीच्या टोकाकडे काळी कडी असतात. एवढे फरक पाहण्यास विद्वत्ता लागत नाही. घटकाभर उजेडात नीट पाहावे लागते, इतकेच. आणि मी ते केले नव्हते.

नावाचाही एक घोटाळा आहे. वाघाटी नावाची एक काटेरी वेल आहे आणि तिच्या फळांची भाजी आपले हिंदू शेजारी आषाढी द्वादशीला आवर्जून करतात. त्यामुळे "तुमच्याकडे वाघाटी आहे का?" असे त्या तरुणाने विचारले की लोक त्याला कुंपणाशी नेऊन वेल दाखवीत! तो स्वतःच हे सांगताना हसत होता. आमच्या सरहद्दीच्या गावांतून तर आणखीच गंमत. कन्नड बोलणारे काडुबेक्कु म्हणतात, मराठी बोलणारे रानमांजर म्हणतात, आणि दोघेही त्या एका शब्दाखाली दोन-तीन निरनिराळी जनावरे घालून मोकळे होतात.

शास्त्रीय नावात मात्र तिची खूण नेमकी आली आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रॉय सेंत-इलेर यांनी १८३१ साली पाँडिचेरीहून आलेल्या एका नमुन्यावरून हिचे वर्णन केले आणि तिला 'रुबिजिनोसा' हे लॅटिन विशेषण दिले. गुरुविद्यालयात लॅटिन शिकताना आम्हांला 'रुबिगो' हा शब्द आला होता. त्याचा एक अर्थ लोखंडाचा गंज आणि दुसरा अर्थ गव्हावर पडणारा तांबेरा. प्राचीन रोमन लोक त्या तांबेऱ्याच्या भयाने एप्रिल महिन्यात एक सणही करीत. गंजास आणि पिकावरील रोगास एकच शब्द लॅटिनात आहे, आणि आपला तांबेराही तांब्याच्या रंगावरूनच आला आहे. असो, हे विषयांतर झाले.

पाँडिचेरीचा तो एक नमुना म्हणजे वाघाटीच्या नकाशावरील पहिला ठिपका. त्यानंतर जर्डन नावाच्या इंग्रज वैद्याने १८६७ साली भारतातील सस्तन प्राण्यांवर ग्रंथ लिहिला. नेल्लोरच्या बाजूस असताना १८४६ साली त्याने वाघाटीचे एक पिल्लू पाळले होते. ते फार माणसाळले होते, तथापि आठ महिन्यांचे असताना खोलीत आणलेल्या हरणाच्या पाडसावर त्याने एकदम झेप घेऊन त्याची मान धरली आणि मोठ्या कष्टाने त्याला सोडवावे लागले. एक-दीड किलोचे जनावर. पण वाघाचे रक्त जाईल कोठे! जर्डनने आणखीही एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. हे मांजर आटलेल्या तळ्यांच्या गवतात, झुडपांत, कधी गावाजवळच्या मोकळ्या रानातील नाल्यांतून राहते, असे त्याने सांगितले. म्हणजे घनदाट अरण्यातच हिचा वास असतो असे निदान त्याने तरी म्हटले नव्हते. मध्य हिंदुस्थानात आणि मलबार किनाऱ्यावर आपणांस ती दिसली नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदले. पुढे १८८४ साली स्टर्नडेल यांनी मध्य प्रांतातील शिवनीकडे मिळालेल्या वाघाटीविषयी लिहिले, आणि जर्डनला न दिसलेल्या मुलखात एक ठिपका पडला.

तरीही पुढे कित्येक वर्षे पुस्तकांतून दक्षिण भारत आणि श्रीलंका एवढाच वाघाटीचा मुलूख समजला जाई. मग एकेक ठिपका उत्तरेकडे सरकू लागला. १९९० साली गुजरातेतील गीरच्या अभयारण्यातून तिची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे पूर्व गुजरातेतून आल्या. आपल्या वडोदरेकडील वाचकांना हे ऐकून नवल वाटेल. राजस्थानात उदयपूरजवळ दिसली, विदर्भात मेळघाटात दिसली. २०१२ च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशातील पिलिभीतच्या जंगलात छुप्या कॅमेऱ्याने तिचे छायाचित्र टिपले. त्याच साली सरहद्दीपलीकडे नेपाळातील बर्दिया राष्ट्रीय उद्यानात ती आढळली. २०१४ च्या डिसेंबरात हरयाणातील कालेसर येथे, म्हणजे शिवालिकच्या पायथ्याशी, तिचे छायाचित्र मिळाले. पाँडिचेरीपासून कालेसर सरळ रेषेत सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. या पावणेदोनशे वर्षांत वाघाटी चालत चालत हिमालयाच्या पायथ्यास गेली, असे कोणी समजू नये. ती बहुधा तेथे पूर्वीपासूनच होती. पाहणारा उशिरा पोहोचला.

हा नकाशा तयार कसा करतात, हे त्या तरुणाने मला ओट्यावर बसून समजावले. आधी ठिपके गोळा करावयाचे. संग्रहालयांतील जुनी कातडी, छायाचित्रे, रस्त्यावर मोटारीखाली सापडून मेलेली जनावरे, हे सर्व त्यात येते. प्रत्येकाला ठिकाण आणि तारीख हवी. मग चाळणी लावावयाची. बाजारात सापडलेले कातडे ते जनावर त्याच गावी राहत होते असे सिद्ध करीत नाही. नुसते "पाहिले" म्हणणाऱ्याचे ऐकून घ्यावयाचे, पण ठिपका द्यावयाचा नाही. उरलेल्या ठिपक्यांच्या जागी पाऊस किती पडतो, झाडी कशी आहे, उष्मा किती असतो, याचा हिशेब संगणकाला देतात, आणि तशाच हवापाण्याचा प्रदेश आणखी कोठे कोठे आहे हे तो रंगवून दाखवितो. मला हे ऐकून मोठा अचंबा वाटला. तो मात्र म्हणाला, "फादर, मुळातले ठिपकेच जिथे मिळाले नाहीत, तिथे संगणक काय करणार?"

आणि ठिपके कोठे मिळतात? जेथे कॅमेरे लावले असतील तेथे. आपल्या देशात असे कॅमेरे हजारोंनी लागतात ते वाघांच्या गणतीसाठी, वाघांच्या जंगलात, वाघांच्या वाटांवर, माणसाच्या गुडघ्याच्या बेताच्या उंचीवर. मांजर त्याच्या खालून निघून जाते किंवा वाटेवर येतच नाही; कारण वाघाटी दगडांच्या कपारींतून, झुडपांतून, झाडांवरून रात्री हिंडणारी. तरीही वाघांसाठी लावलेल्या त्या कॅमेऱ्यांतून जे मिळाले त्यावरून २०२५ साली लहान मांजरांविषयी एक सरकारी अहवाल निघाला. व्याघ्र-प्रदेशातील सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर टापूत वाघाटीचा वावर असल्याचा अंदाज त्यात दिला आहे. एवढ्याशा जनावराचा केवढा हा मुलूख, असे प्रथम वाटते. पण हा सारा जंगलांचा हिशेब. उसाच्या फडात, हरभऱ्याच्या रानात, ओढ्याकाठच्या बाभळीत कॅमेरा कोण लावतो?

पश्चिम महाराष्ट्रात मात्र शेतातल्या वाघाटीकडे लक्ष गेले, आणि तेही बहुतांशी बिबट्यामुळे. जुन्नर आणि अकोल्याच्या बाजूस बिबटे उसात राहू लागले, त्यांची पिल्ले तोडणीच्या वेळी सापडू लागली आणि त्यांच्या पाठोपाठ लोक वनखात्याकडे जी पिल्ले आणून देऊ लागले, त्यांत काही वाघाटीची निघाली. बिबट्यांच्या अभ्यासाबद्दल प्रसिद्ध असलेल्या विद्या अत्रेया यांनी २०१० साली एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले. आपण समजतो त्याहून ही मांजर अधिक प्रमाणात आहे की काय, असा प्रश्न त्याच्या मथळ्यातच होता. पश्चिम महाराष्ट्रातील माणसांनी गजबजलेल्या शेतीच्या मुलखात वाघाटी राहते, एवढेच नव्हे तर तेथे विते आणि पिल्ले वाढविते, हे आता मान्य झाले आहे. त्यात नवल नाही. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर. ती बेडूक, सरडे, पाखरे, किडे खाते, प्रसंगी कोंबडीचे पिल्लूही नेते; परंतु तिचे मुख्य अन्न उंदीर. ज्या शेतकऱ्याच्या उसाचे बुडखे उंदीर-घुशी पोखरतात, त्याला हे वेगळे सांगावयास नको.

याच जुन्नर भागातील रीत मला पुढे वाचावयास मिळाली आणि ती वाचताना माझा चेहरा उतरला असावा. उसात पिल्ले सापडली तर त्यांना हात शक्य तितका कमी लावतात. ती धडधाकट आहेत एवढे पाहून त्याच दिवशी, अंधार पडावयाच्या सुमारास, जेथे सापडली नेमक्या त्याच ठिकाणी उघड्या खोक्यात किंवा पाटीत ठेवतात. माणसे दूर होतात. रात्री आई येते, एकेका पिल्लाच्या मानेस तोंडात धरून दुसऱ्या ठिकाणी घेऊन जाते. दूध पाजावयाचे नसते, घरी न्यावयाचे नसते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाटी पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाला जे संरक्षण आहे तेच हिला आहे. बाऊललाही कायद्याचे संरक्षण आहेच. म्हणजे ती पिल्ले कोणत्याही जातीची असोत, स्वयंपाकघरात ठेवण्याचा मला अधिकार नव्हता. वनखात्याला कळवावयास हवे होते. आजी मला सांगत होती की आई दोन रात्री बांधावर फिरत होती. त्या दोन रात्री दोन्ही पिल्ले जिवंत होती.

जगाच्या यादीत वाघाटीला २०१६ साली 'संकटाच्या जवळ आलेली' असा शेरा मिळाला आहे. तेव्हा नकाशावरील कोऱ्या जागेला महत्त्व येते. धरण, कालवा, रुंद रस्ता करताना येथे काय राहते असा प्रश्न निघाला म्हणजे कागद पाहतात. आणि कागदावर कोरी जागा असली की येथे काही नाही असे धरून चालतात. तोडणीनंतर पाचट पेटवून देणाऱ्याला तर कोणी विचारतही नाही. आमच्या भागात ते अजून सर्रास पेटवितात. बुडख्यांत काही निजले आहे का, हे पाहण्याची तसदी घेणारे मी थोडेच पाहिले. परंतु जे घेतात ते तोडणीच्या टोळीतले असतात, पुस्तके वाचणारे नव्हेत, हेही मला नमूद केले पाहिजे. २०१४ साली कोयता थांबविणाऱ्या त्या बाईला वाघाटी आणि बाऊल यांतला फरक ठाऊक होता की काय, कोण जाणे. मी तिला विचारलेच नाही. टोळी पंधरा दिवसांनी पुढच्या गावी गेली.

आता मी दुसऱ्या गावी आहे. फडांची वाण येथेही नाही. हंगाम सुरू होताच मी मुकादमांना आणि शाळेतील मुलांना सांगून ठेवतो की पिल्ले दिसली तर उचलू नका, मला बोलवा. प्रथम ते हसत असत. गेल्या हंगामात, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमारास एक मुलगा सायकलवरून धापा टाकीत आला. "फादर, चला लवकर, तीन हायत!"

मी गेलो. टोळीने तेवढा पट्टा सोडून बाजूने तोडणी चालविली होती. पाचटात तीन पिल्ले होती, डोळे उघडलेली, आमच्याकडे पाहून फुसकारणारी. मी खाली बसलो. कपाळ पाहिले, पाठ पाहिली, पाय पाहिले. अंगावर फिकट पुसट पट्टे होते, तांबूस ठिपक्यांच्या ओळी नव्हत्या. शेपटीच्या टोकाकडे काळी कडी स्पष्ट होती. मुलांना एकेक खूण दाखविली. मोबाइलवर चार फोटो काढले, वनरक्षकाला कळविले, त्याने ठिकाण टिपून घेतले. त्याच्या सांगण्यावरून पाचटाचा तो पुंजका तसाच राहू दिला आणि शेतमालकाने त्या दिवशीची तोडणी दुसऱ्या टोकाला वळविली. अर्ध्या दिवसाचा खोळंबा झाला. तो थोडा कुरकुरला, पण त्याने केले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दवात आम्ही गेलो तेव्हा पुंजका रिकामा होता. पाटाच्या ओल्या मातीत पावलांचे ठसे होते, गेल्याचे आणि आल्याचे. तीन खेपा झालेल्या दिसत होत्या. मुले ते ठसे न तुडविता कडेने चालली.

शाळेच्या कपाटात आम्ही एक वही ठेवली आहे. त्यात त्या दिवशीची नोंद एका मुलीने सुवाच्य अक्षरात केली: तारीख, गट नंबर, 'बाऊल, तीन पिल्ले, आईने नेली'. वाघाटीसाठी आम्ही वेगळे पान राखले आहे. ते अजून कोरे आहे.